सायकल दिली, रस्ता कुणी द्यायचा?

 

सायकल आणि रस्ता हा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं पुण्या-मुंबईचं होतं, फार तर नागपूरचं. आज आम्ही ते भंडाऱ्यात आणतो आहोत. लाखाच्या आतली वस्ती असलेलं जिल्ह्याचं गाव. वैनगंगेच्या काठचं, पितळी भांड्यांचं, धानाचं. मोठ्या शहरात जे चुकायचं ते चुकून गेलेलं आहे. इथे ते अजून चुकतं आहे, म्हणजे अजून हातात आहे. म्हणून हे गाव.

सुरुवात एका मुलीपासून करतो. तिला नाव देत नाही, कारण ती एक नाही. सकाळी दहाच्या सुमारास खोकरला, बेला, गणेशपूर या बाजूंनी शहराकडे येणाऱ्या रस्त्यांवर उभे राहा, तुम्हाला ती दिसेल. आठवी-नववीतली. पाठीवर दप्तर, हँडलला डब्याची पिशवी. मागून टिप्पर आला की ती हँडल घट्ट धरते आणि साईडपट्टीवर उतरते. टिप्पर गेला की पुन्हा वर चढते. शाळेपर्यंत हे किती वेळा करावं लागतं, ते ती मोजत नाही. आपणही मोजत नाही. आजचं व्याख्यान या न मोजण्यावरच आहे.

पुष्कळदा ही सायकल तिला सरकारने दिलेली असते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींसाठी सायकलची योजना आहे, आणि भंडारा जिल्ह्यातले तालुकेही त्यात येतात. आठवी ते बारावीची, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारी मुलगी असेल तर सायकलीसाठी पैसे मिळतात. ती रक्कम 3,500 रुपये होती, 2022 मध्ये 5,000 झाली. त्याहून लांबच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या.

योजना चांगली आहे, हे आधी स्पष्ट म्हणतो. टीका करायला उभे राहिलो म्हणून चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही असं नाही. बिहारमध्ये 2006 साली मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, मुलगे आणि मुली यांच्यातली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली. परिणाम सर्वांत जास्त कुठे दिसला? जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे. म्हणजे सायकल ही वस्तू म्हणून दिली असली, तरी मुलीच्या हाती पडलं ते अंतर.

आता प्रश्न असा. सरकारच्या एका खात्याने मुलीला अंतर दिलं. दुसऱ्या खात्याने त्या अंतरावर काय बांधलं?

आम्ही काही जण गेली काही वर्षं हे रस्ते सायकलने फिरतो आहोत. इंजिनिअर आमच्यात कमी, मास्तर आणि पालक जास्त. पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं रस्त्याचंही लिहिता यावं, असं आमचं म्हणणं. रस्ता ही कुणीतरी विचार करून केलेली गोष्ट आहे. त्यात कुणाला जागा आहे, कुणाला नाही, हे वाचता येतं. तर या मुलीच्या वाटेचे तीन तुकडे करू आणि एकेक वाचू.

पहिला तुकडा गावचा रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचा डांबरी भाग साधारण 3.75 मीटर रुंद असतो. आता साधी वजाबाकी करा. ट्रक किंवा टिप्पर अडीच मीटर रुंद. उरलं सव्वा मीटर. सायकलवाल्याला डुलायला धरून एक मीटर लागतो. म्हणजे टिप्पर आणि सायकल शेजारून गेले, तर मध्ये वीतभर अंतर उरतं. कागदावर वीतभर. प्रत्यक्षात टिप्पर मधोमध चालतो आणि मुलगी खाली उतरते. रस्ता अरुंद आहे ही आमची तक्रार नाही. कमी वाहतुकीच्या गावरस्त्याला तेवढी रुंदी पुरते, उलट त्याने वेग ताब्यात राहतो. पण त्या रस्त्यावर नदीघाटावरची रेती आणि हंगामात धान, ऊस यांची वाहतूक सोडायची ठरवली, की तो गावरस्ता राहत नाही. त्याचं काम बदललं, रुंदी तीच राहिली. आणि वरचा थर दर काही वर्षांनी चढत जातो, साईडपट्टी मात्र खाली राहते. डांबराच्या किंवा सिमेंटच्या कडेला चार बोटं, कधी वीतभर पायरी तयार होते. मोटारीला ती पायरी जाणवतही नाही. सायकलच्या चाकाला ती तिरकी लागली की सायकल आडवी होते, आणि पडते ती बहुधा रस्त्याच्या बाजूला. ज्या कडेला आपण ‘सुरक्षित बाजू’ म्हणतो तीच तिला पाडते.

दुसरा तुकडा ले-आउटचा. जुनं भंडारा पायी फिरता येण्याजोगं होतं. त्रिमूर्ती चौक, गांधी चौक, बाजार, शाळा, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. रेल्वे स्टेशन तेवढं लांब. ‘भंडारा रोड’ नावाचं स्टेशन आहे वरठीला, शहरापासून दहाएक किलोमीटरवर. गाव वाढू लागलं ते रस्त्यांच्या कडेने. नागपूरकडे, वरठी-तुमसरकडे, खात रोडने, पवनीकडे. काल धानाची बांधी होती, आज तिथे प्लॉटचे दगड गाडलेले. एका मालकाची जमीन, एक ले-आउट. शेजारच्याची जमीन, दुसरा ले-आउट. प्रत्येकाच्या नकाशात आतले रस्ते आहेत, खुली जागा आहे. कागदावर प्रत्येक ले-आउट पुरा आहे. फक्त एक ले-आउट दुसऱ्याला भेटत नाही.

समजा दोन घरांच्या मागच्या भिंती एकमेकांना लागून आहेत. इकडची मुलगी तिकडच्या मैत्रिणीला गच्चीवरून हाक मारू शकते. पण सायकलने जायचं तर आपल्या ले-आउटमधून बाहेर मोठ्या रस्त्यावर यायचं, त्यावरून पुढे जायचं, आणि पुढच्या तोंडातून आत शिरायचं. शंभर पावलांचा किलोमीटर झाला. त्यातही वाईट म्हणजे त्या किलोमीटरमधला धोकादायक भाग टाळता येत नाही, कारण सगळ्या वाटा त्याच मोठ्या रस्त्यावर येऊन पडतात. दूध आणायचं, शिकवणीला जायचं, दळण न्यायचं, सगळं महामार्गावरून. अंतर वाढलं म्हणून आपण मोटारसायकल घेतो. मोटारसायकली वाढल्या म्हणून रस्ता आणखी धोक्याचा होतो. मग ज्यांच्याकडे सायकल उरली आहे ते आणखी उघडे पडतात.

तिसरा तुकडा त्या मोठ्या रस्त्याचा. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली करत रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’, आता कागदोपत्री 53. इथे एक गोष्ट नीट पाहा, दुभाजकातले कट. शाळा रस्त्याच्या पलीकडे, ले-आउट अलीकडे. ओलांडायला कट आहे पाऊण किलोमीटर पुढे. नियमाप्रमाणे मुलीने तिथवर जायचं, वळायचं, आणि पाऊण किलोमीटर परत यायचं. मोटारीला हा एक मिनिटाचा वळसा आहे. सायकलीला दीड किलोमीटर म्हणजे उन्हातली आठ-नऊ मिनिटं. ती काय करते? समोरून येणाऱ्या गाड्यांच्या कडेकडेने उलट जाते. आपण म्हणतो, ‘राँग साईड चालवतात, शिस्त नाही.’ आम्ही म्हणतो, ती राँग साईड नकाशातच आखलेली होती. मुलीने फक्त ती गिरवली.

आणि कोपरे. महामार्गातून ले-आउटमध्ये किंवा गावात शिरताना कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवलेली असते, लांब गाडीला वळणं सोपं जावं म्हणून. तेवढ्या गोलाईवरून कारलाही वेग न सोडता वळता येतं. सरळ जाणाऱ्या सायकलच्या आडवी ती तिथेच येते.

असे तीन तुकडे. आता हे असं का झालं? वाईट माणसांमुळे नव्हे. आम्हाला भेटलेले कनिष्ठ अभियंते बहुतेक सज्जन आणि कामाने वाकलेले आहेत. दोष आहे तो कागदात. रस्त्याला जन्म देणारे जे कागद आहेत त्यांच्यात.

आपल्या रस्त्यांची वर्गवारी कुठे ठरली? इथून साठेक किलोमीटरवर, नागपूरला, 1943 साली. देशातले मुख्य अभियंते जमले आणि वीस वर्षांचा रस्तेविकासाचा आराखडा केला. तो ‘नागपूर आराखडा’ म्हणूनच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतांचे म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग मोठे आणि इतर, आणि ग्रामीण मार्ग. आज आपण वापरतो ती उतरंड तीच. त्या काळाला ते मोठंच काम होतं. लागवडीच्या प्रदेशात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये, असा त्याचा हेतू. पण या वर्गवारीचा स्वभाव बघा. रस्ता कुठून कुठे जातो यावरून त्याचं नाव पडतं. त्याच्या कडेला कोण राहतं, याला त्यात रकाना नाही. म्हणून लाखनीच्या बाजारातून जाणारा रस्ता आणि दोन गावांमधल्या शिवारातून जाणारा रस्ता कागदावर एकच असतो. जुन्या वर्गात नवीन वस्ती येऊन बसली, आणि वर्ग काही बदलला नाही.

दुसरा कागद इंडियन रोड्स काँग्रेसचा. ही संस्था 1934 ची, देशातल्या रस्त्यांची मानकं तीच काढते. सायकल मार्गांसाठी तिचं स्वतंत्र मानक आहे, क्रमांक 11, पहिल्यांदा 1962 मध्ये आलं, 2015 मध्ये सुधारलं. म्हणजे ‘आपल्याकडे नियमच नाहीत’ हे खरं नाही. 1962 च्या मानकात स्वतंत्र सायकल मार्ग कधी करावा याची अट होती. तासाला 100 ते 200 मोटारवाहनं असतील तर गर्दीच्या तासाला किमान 400 सायकली हव्यात. मोटारी 200 च्या वर गेल्या तर 100 सायकलींनाही मार्ग योग्य ठरतो. आकडे वाईट नाहीत. भंडाऱ्याच्या प्रवेशरस्त्यांवर तासाला 200 मोटारवाहनं ही गोष्ट केव्हाच मागे पडली. आमची हरकत आकड्यांवर नाही, मोजण्याच्या जागेवर आहे. रस्ता भीतीदायक झाला की सायकली कमी होतात. मग मोजायला गेलं की कमी भरतात. कमी भरल्या म्हणून मार्ग नाही. ज्या गावात विहीर नाही तिथे विहिरीवरची रांग मोजायची, आणि रांगच नाही म्हणून विहीर नको म्हणायचं, तसं हे. घरी बसवलेली मुलगी मोजणीत येत नाही.

तिसरा कागद वेगाचा. 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेत कारसाठी कमाल वेग ठरवला आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर, नगरपालिकेच्या हद्दीत 70. सत्तर! शाळा, बाजार, दवाखाना असलेल्या हद्दीत. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे तर शाळेच्या विज्ञानात आहे. 30 चा वेग 60 झाला तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताची शक्यता साधारण चार टक्के वाढते. कायद्याने ही मर्यादा स्थानिक पातळीवर खाली आणता येते. आणत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

चौथा कागद अपघातांच्या वार्षिक अहवालाचा. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांत 32,825 पायी चालणारी. सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. मृत्यूंपैकी 71 टक्क्यांच्या वर ‘अतिवेगा’च्या रकान्यात आहेत. रकाना वाचला की वाटतं, चालकाचा दोष. दोष असतोच. पण त्याला तो वेग घेता आला तो कशावर? सरळसोट, रुंद, मोकळ्या गोलाईच्या रस्त्यावर. पाटी 40 ची आणि रस्ता 100 चा असेल तर चालक रस्त्याचं ऐकतो. अहवालात ‘रस्त्याने बोलावलेला वेग’ असा रकाना नाही. आणि जे रकान्यात नाही त्यावर खर्च होत नाही.

पाचवा कागद कायद्याचा, आणि इथे आम्हाला खरोखर राग येतो. मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली. कलम 198अ आलं. ठरलेल्या सुरक्षा-मानकांप्रमाणे रस्त्याची आखणी, बांधकाम, देखभाल केली नाही आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना दंड. किती? एक लाखापर्यंत. त्याच दुरुस्तीत कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. त्याला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचा. नववीतल्या मुलीला सायकलने पाठवायला भीती वाटते म्हणून बाप तिच्या हाती स्कूटी देतो. तो चुकतोच. पण त्याला तुरुंगाची भीती आहे, आणि ज्या रस्त्याने त्याला तिथवर ढकललं त्या रस्त्याच्या कर्त्याला फक्त दंडाची.

आता तुमच्या मनात जे आक्षेप येत असतील त्यांकडे वळू. ते आम्हाला प्रत्येक ठिकाणी ऐकावे लागतात.

पहिला आक्षेप: ‘सायकल आता चालवतं कोण?’ 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांमध्ये सायकल होती. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामकऱ्यांत शंभरातले तेरा सायकलने कामावर जात होते. भंडाऱ्यात पहाटे कामाला जाणारे बांधकाम मजूर बघा, पाळीला जाणारे कामगार बघा, भाजी विकणाऱ्या बाया बघा. ‘कोण चालवतं’ याचा खरा अर्थ असतो, ‘आमच्यातलं कोण चालवतं’.

दुसरा: ‘जनजागृती करा, हेल्मेट द्या, रिफ्लेक्टर लावा.’ लावा. मागचा रिफ्लेक्टर तर लावाच, धुक्यात आणि पावसाळी संध्याकाळी त्याने जीव वाचतो. पण रस्ता सुरक्षा महिन्यात शाळेत येऊन मुलींना ‘डावीकडून चला’ शिकवणाऱ्यांनी एकदा त्या डावीकडे काय आहे ते चालून पाहावं. कचरा, गिट्टी, उभा ट्रक, उघडी नाली आणि ती वीतभर पायरी. डावीकडे जागा न ठेवता डावीकडून जायला सांगणं, याला शिक्षण म्हणत नाहीत.

तिसरा: ‘पुण्यात सायकल ट्रॅक केले, काय झालं?’ हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि म्हणून आम्ही ‘सायकल ट्रॅक द्या’ एवढीच मागणी करत नाही. सायकलींचं शहर म्हणून ओळखलेल्या पुण्यात ट्रॅक झाले. 2017 च्या डिसेंबरात आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा आराखडाही मंजूर झाला. पण बऱ्याच ठिकाणी ट्रॅक असा की प्रत्येक फाटकाशी उतार, मध्येच विजेचा डबा, पुढे पार्किंग, आणि जिथे खरा धोका म्हणजे चौक, तिथे तो संपतो. सुरक्षितता किलोमीटरमध्ये मोजली की असं होतं. ती चौकात मोजली पाहिजे. लाल रंगाची पट्टी मारणं सोपं. चौकाची गोलाई कमी करणं अवघड, कारण तिथे मोटारीला थोडं थांबावं लागतं.

चौथा आक्षेप: ‘हे सगळं युरोपात चालतं.’ नेदरलँड्सचं नाव घेतलं की लोक म्हणतात, त्यांची संस्कृतीच सायकलची. तसं नाही. 1971 साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. तिथेही मोटारींसाठी गल्ल्या रुंद होत होत्या. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं ‘बालहत्या थांबवा’. अपघात नाही म्हणाले ते, हत्या म्हणाले. आज दिसतात ते रस्ते त्यानंतर, त्या भांडणातून झाले.

मग भंडाऱ्यात आज काय? आमच्या मते इथे एक संधी आली आहे, आणि ती निसटेल अशी भीती आहे.

लाखनी आणि साकोलीला महामार्गावर उड्डाणपूल झाले. भंडाऱ्याला शहराबाहेरून वळसा घालणारा, पंधरा किलोमीटरच्या आसपासचा बायपास झाला. लांबची जड वाहतूक वरून किंवा बाहेरून जाऊ लागली. लोक खूश आहेत, आम्हीही आहोत. पण प्रश्न विचारा: गावात जो जुना रस्ता उरला त्याचं काय? तो अजून महामार्गासारखाच रुंद आणि सरळ आहे, तेच दुभाजक, तेच लांबलांबचे कट. ट्रक होते तेव्हा गर्दीनेच वेग कमी राहत होता. रस्ता मोकळा झाला की कार आणि मोटारसायकली सुसाट जातात. ट्रकची भीती गेली आणि वेगाची आली, असं व्हायला वेळ लागत नाही. महामार्गाने गाव सोडलं, पण आपला अंगरखा गावातच ठेवून गेला. तो उतरवून गावाच्या मापाचा शिवायला हवा.

कसा? आम्ही पाच गोष्टी मागतो. एकही परदेशातून आणायची नाही.

एक, बायपासच्या आतल्या जुन्या रस्त्यावर आणि उड्डाणपुलाखालच्या रस्त्यावर वेगमर्यादा 40, शाळेच्या तोंडाशी 30. फक्त पाटी नको. मोटारीच्या पट्ट्या अरुंद करा, वाचलेली रुंदी कडेला सायकल आणि पायी चालणाऱ्यांना द्या. दोन, शाळा आणि बाजारासमोर उंच केलेले ओलांडे, आणि दुभाजकातले कट माणसांच्या येण्याजाण्याच्या जागी. गतिरोधक करायचे तर मानकाप्रमाणे, 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, गोलाकार. रात्रीतून घातलेला डांबराचा उंचवटा सायकलवालीलाच आधी पाडतो. तीन, कोपऱ्यांची गोलाई कमी. चार, डांबर किंवा सिमेंट आणि साईडपट्टी एका पातळीत, आणि ही अट पूर्ण झाल्याशिवाय कामाचं देयक नाही. पाच, दोन ले-आउटच्या मध्ये दोन-तीन मीटरची बोळ. मोटार जाऊ नये, सायकल आणि माणूस जावा, एवढीच. नवीन ले-आउटच्या मंजुरीतच ती मागता येईल. प्लॉट विकले जाऊन भिंती उठल्या, की मग ती बोळ कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. या पाचव्या मागणीला वेळेची मर्यादा आहे.

पैसे कुठून, हा प्रश्न येईल. एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे ही कामं चिल्लर आहेत. खरी अडचण धन्याची आहे. महामार्ग एकाचा, राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकामचा, ग्रामीण रस्ता जिल्हा परिषदेचा, चौक नगर परिषदेचा, ले-आउट ग्रामपंचायतीच्या हद्दीत. मुलीचा प्रवास चार किलोमीटरचा, पण मालक पाच. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिथे हे पाचही एका टेबलाशी बसतात. त्या बैठकीत आजवर ‘ब्लॅक स्पॉट’ चर्चेला येतात, म्हणजे जिथे माणसं आधीच मेली आहेत ती ठिकाणं. आमची मागणी आहे की ‘शाळेची वाट’ चर्चेला यावी. ज्या शाळेत सरकारने सायकली दिल्या, त्या शाळेच्या पाच किलोमीटरच्या वाटा वर्षातून एकदा अधिकाऱ्यांनी सायकलने तपासाव्यात. जीपमधून नाही, सायकलने, आणि सकाळी दहा वाजता. सायकलीच्या योजनेला रस्त्याची ही एक अट जोडली, तरी पुष्कळ होईल.

शेवटी स्वतःबद्दल बोलतो, नाहीतर ही टीका दुसऱ्यांवरच राहील. रस्त्याला लागून प्लॉट हवा म्हणून हट्ट धरणारे आम्हीच होतो. ले-आउटच्या मागे बोळ सोडायचा विषय निघाला तेव्हा ‘चोर येतील’ म्हणून भिंत घालायला सही करणारेही आमच्यात आहेत. आणि मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाने मुलीची सायकल बंद केली. ती पडली होती. लागलं फार नाही, कोपर सोलला. पण घरात सगळे म्हणाले, पुरे आता. तिची शिकवणी बंद झाली, कारण न्यायला-आणायला कुणी नव्हतं. तिच्या भावाची बंद झाली नाही. तो तर तिच्यापेक्षा जोरात चालवतो. कुणी ठरवून केलं नाही. रस्ता धोक्याचा झाला की घराघरात असा निवाडा होतो, आणि तो बहुतेक वेळा मुलीच्या विरुद्ध लागतो.

ती सायकल अजून त्यांच्या पडवीत भिंतीला टेकून आहे. टायरमधली हवा गेली आहे. सरकारच्या यादीत ती ‘वाटप झाले’ या रकान्यात असेल. बिहारच्या अभ्यासात जे 32 टक्के दिसले ते सायकली वाटल्याने आले नाहीत, त्या सायकली शाळेपर्यंत पोहोचल्याने आले. ही पडवीतली सायकल पुन्हा चालू होईल की नाही, ते त्या मुलीच्या हिमतीवर सोडू नका. ती हिंमत तिने रोज दाखवली आहे, टिप्पर आला की उतरत आणि गेला की चढत. आता उतरायची वेळ टिप्परची, कारची आणि आपली आहे. वेगावरून उतरायची.

पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे. आम्ही शाळांच्या वाटांचे नकाशे घेऊन जाणार आहोत. तुमच्या गावच्या शाळेचा नकाशा तुम्ही काढा. कागद, पेन्सिल आणि एक सायकल एवढंच लागतं. मुलीला पुढे चालू द्या, तुम्ही मागून जा, आणि ती जिथे जिथे खाली उतरते तिथे खूण करा.